जाताय? मग गावचं पान सोबत न्या

व्हिसा आला की घरात यादी सुरू होते. शेंगाची चटणी किती किलो, कडक भाकरी किती, कुकर तीन लिटरचा की पाचचा, थंडीचे कपडे इथून घ्यायचे की तिकडे. बॅगेचं वजन वाढतंय म्हणून तुम्ही मेतकूट बाहेर काढता, आई ते गुपचूप परत आत घालते. या यादीत पेपर कधीच नसतो. असलाच तर चटणीच्या पुडीभोवती गुंडाळलेला असतो. (छापील कागदात खायचं काही बांधू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरण २०१६ पासून सांगतंय. आपल्याकडे कोण ऐकतंय म्हणा!) पण तिकडे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात, झोपेची वेळ पार उलटलेली असताना, तुम्ही तोच तेलकट कागद सरळ करून वाचणार आहात. दोन्ही बाजूंनी. निविदा सूचनांसकट.

“काय बे, पेपर कोण वाचतंय आता? मोबाईल आहे की,” असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मोठी बातमी तुम्हाला शोधतच येते. निवडणुकीचा निकाल, क्रिकेट, बजेट, कुठला भूकंप, हे म्युनिकमध्ये आणि मुरारजी पेठेत एकाच मिनिटाला कळतं. कधीकधी म्युनिकमध्ये आधी कळतं, कारण आपल्याकडे तेव्हा लाईट गेलेली असते. प्रश्न मोठ्या बातमीचा नाहीच. आतल्या पानावर दोन इंचांत छापलेली जी बातमी असते, ती तुम्हाला शोधत येत नाही. तिच्याकडे तुम्हालाच जावं लागतं.

उजनीचंच घ्या. ‘उजनी उणे तीस टक्के’ हे शीर्षक परदेशातल्या रूममेटला वाचून दाखवा आणि मग धरणात पाणी उणे कसं असतं, हे समजावून सांगा. धरणात एकूण मावतं सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा. वरचा उपयुक्त साठा संपला की काटा शून्यावर येतो आणि तिथून खाली गेला की उणे. अशा उन्हाळ्यात घरच्या नळाला पाणी किती दिवसांआड येणार, हे त्या उणे आकड्यावरून ज्याला कळतं तो सोलापूरकर. ही भाषा शाळेत कुणी शिकवली नाही. रोज सकाळी पेपरवरून नजर फिरता फिरता ती आपल्याला आली. बाहेर गेल्यावर दोन वर्षांत ती जाते. मग सुटीला आल्यावर तुम्ही बादलीभर पाणी एका दमात अंगावर ओतता आणि आजी नुसती बघत राहते.

दुसरं उदाहरण चिमणीचं. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी पाडली. नव्वद मीटरच्या आसपास उंचीची ती चिमणी काही सेकंदांत खाली बसली आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. परदेशातल्या सोलापूरकरांनीही पाहिला, पुढे पाठवला. पण त्या काही सेकंदांच्या मागे कितीतरी वर्षांचा वाद होता. एका बाजूला विमानसेवा हवी म्हणणारे लोक, कारण इथली पोरं नोकरीसाठी पुणे-हैदराबाद-बंगळूर गाठतात आणि परत येत नाहीत. दुसऱ्या बाजूला कारखान्याचे ऊसउत्पादक सभासद आणि कामगार. आंदोलनं, मोर्चे, कोर्टाच्या तारखा, नोटिसा. ज्यांनी तो वाद रोज थोडाथोडा वाचला होता, त्यांना चिमणी पडताना पाहून नुसतं ‘भारी’ म्हणता आलं नाही, मग ते कुठल्याही बाजूचे असोत. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. उद्या तुम्ही त्याच धावपट्टीवर उतराल. खिडकीतून खाली बघताना काय दिसतंय, हे कळायचं असेल तर मधली वर्षं वाचलेली हवीत.

घरचे काय सांगत नाहीत

आता जरा अवघड गोष्ट. परदेशात गेलेल्या पोरांना घरचे खरं सांगत नाहीत.

यात वाईट हेतू नसतो. “पोरगं लांब आहे, परीक्षा आहे, उगाच काळजी कशाला,” एवढंच. पण त्या एवढ्याचा डोंगर होतो. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली दोन महिन्यांनी कळते. शेजारचे काका गेलेले दिवाळीला कळतं, तेही चुकून, कुणीतरी ‘त्यांच्या वर्षश्राद्धाला’ म्हणून जातं तेव्हा. व्हिडिओ कॉलवर आई कॅमेरा असा धरते की मागची पोपडे उडालेली भिंत दिसू नये. तुम्हीही तेच करता. नापास झालेला विषय, गेलेली पार्टटाईम नोकरी, तीन दिवस ब्रेड-जॅमवर काढले ते, यातलं काही सांगत नाही. दोन्हीकडून छान छान दाखवणं चालू असतं आणि रविवारचा कॉल ‘जेवलास का, जेवलीस का’वर संपतो.

पेपर असं लपवत नाही. त्याला तुमच्या परीक्षेशी देणंघेणं नसतं. निधनवार्तेच्या रकान्यात सातवीला गणित शिकवणाऱ्या सरांचा जुना पासपोर्ट फोटो येतो, खाली ‘पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे’. तुमच्या गल्लीतल्या गॅस गळतीची बातमी येते. ज्या मंगल कार्यालयात ताईचं लग्न झालं, त्याला टाळं लागल्याची येते. ज्या बँकेत आजोबांची ठेव होती, तिथल्या निर्बंधांची येते. वाचून त्रास होतो हे मान्य. पण गावाशी नातं ठेवायचं तर हे कळायला नको का?

आपल्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. बसमधून जाताना ते आपण शंभर वेळा पाहिलेलं असतं. १९३८ च्या १ सप्टेंबरला पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून बोटीने चीनला निघाले, जपानशी लढणाऱ्या चिनी जखमींवर उपचार करायला. त्यातले एक कोटणीस, वय २७. चुंगकिंगला असताना वडील गेल्याची बातमी त्यांना कळली. सोबतच्यांनी परत जायला सुचवलं. त्यांनी नाही म्हटलं आणि पुढे येनानची वाट धरली. नंतर तिथल्या बेथून हॉस्पिटलचे प्रमुख झाले, क्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिकडेच गेले. पुढची गोष्ट व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे. पण या सगळ्यात ते चुंगकिंगचे दिवस मला जास्त खुपतात. थांबायचं की परतायचं हे त्यांनी ठरवलं ते खरी बातमी हातात असताना. आपल्या हातात आज चोवीस तास फोन आहे आणि बातमी मात्र गाळून येते.

बोटीने, पोस्टाने, फाँटने

पूर्वी काय करत होते? घरून बातमी येत नव्हती असं नाही, पण वाट बघावी लागायची. आठवडाभराचे अंक सुरळी करून, वर कागदाची पट्टी चिकटवून, दोन्ही टोकं उघडी ठेवून बुक-पोस्टने टाकायचे. विमानाचं टपाल महाग, म्हणून बोटीचं. महिना-दोन महिन्यांनी गठ्ठा पोचायचा. पाऊस पडेल का ही चिंता वाचताना इकडे गणपती बसलेले असायचे. तरी लोक पहिल्या अंकापासून क्रमाने वाचायचे, शेवट माहीत करून घ्यायची घाई नाही. आणि एकाच्या घरी आलेला गठ्ठा मग चार घरं फिरायचा.

बरं, पेपर एकाच दिशेने जात होता असंही नाही. लंडनला शिकायला गेलेले सावरकर तिथून ‘केसरी’ आणि ‘विहारी’साठी बातमीपत्रं पाठवत. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू केलं आणि त्याच वर्षी जुलैत राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला निघाले. पेपर मागे सहकाऱ्यांच्या हाती राहिला. तो जेमतेम १९२३ पर्यंत टिकला. एक विद्यार्थी एकीकडे लंडनमध्ये प्रबंध लिहितोय आणि त्याचं पाक्षिक इकडे पैशांसाठी झगडतंय, हे चित्र ‘परदेशी शिक्षण’ या चकचकीत शब्दात बसत नाही.

मग इंटरनेट आलं. तुमच्यापैकी कुणाचे मामा-काका १९९८-९९ च्या सुमारास अमेरिकेत असतील तर त्यांना ‘फाँट’ म्हणून बघा, लगेच कपाळाला हात लावतील. तेव्हा प्रत्येक मराठी पेपरचा फाँट वेगळा. साईट उघडली की आधी फाँट उतरवा, कॉम्प्युटरमध्ये टाका, नाहीतर पडद्यावर चौकोन आणि इंग्रजी चिन्हांची खिचडी. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फाँट टाकायची परवानगी नसे, म्हणजे तिथे पेपर बंद. खरं तर युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण छापखान्यातली सगळी यंत्रणा जुन्या फाँटवर चालायची, त्यामुळे पेपरांना तिकडे वळायला बराच काळ गेला. आज तुम्ही फोनवर मराठी बातमी सहज शोधता, ती सोय फार जुनी नाही.

एक गंमतशीर वाट अजून आहे, आणि ती अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेने भारताला गहू दिला तो ‘पीएल ४८०’ या १९५४ च्या कायद्याखाली. आजी-आजोबांना विचारा, त्या गव्हाच्या चपात्या त्यांना आठवत असतील. या धान्याचे पैसे अमेरिकेने रुपयांत घेतले आणि त्यातले बरेचसे भारतातच खर्च केले. १९६२ पासून त्यातल्याच काही रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीतल्या कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. ते कार्यालय आजही दिल्लीत आहे. शिकागोला तर दक्षिण आशियातल्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म्सचा मोठा साठा आहे. म्हणजे आपण रद्दीत किलोने घातलेलं तिकडे कुणीतरी गव्हाच्या पैशातून जपून ठेवलं. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘दक्षिण आशिया’ विभाग असेल तर पहिल्याच महिन्यात जाऊन विचारा. कार्डावर ऑनलाईन काय काय मिळतं तेही विचारा. फी भरलेलीच आहे.

नेमकं करायचं काय

पहिली गोष्ट, वेबसाईट आणि ई-पेपर यात गल्लत करू नका. वेबसाईटवर वर काय येतं ते बहुतेक वेळा किती जणांनी दाबलं यावर ठरतं. तिथे ‘सोलापूर’ निवडलं की खून, अपघात आणि नेत्यांची बाचाबाची. ई-पेपर म्हणजे छापलेलं पान जसंच्या तसं. त्यात बातमी किती मोठी, कुठल्या कोपऱ्यात, शेजारी काय, हे सगळं दिसतं. मार्केट यार्डातली कांद्याची आवक दिसते, ‘आजचे कार्यक्रम’ दिसतात, आणि अर्ध्या पानभर वाढदिवसाचं अभीष्टचिंतनही दिसतं. त्याला हसू नका. कुणाच्या जाहिरातीत यंदा कुणाचा फोटो नाही, यावरून गावातलं अर्धं राजकारण कळतं.

दुसरं, आवृत्ती. पेपरचं नाव एकच असलं तरी आतली पानं गावागणिक बदलतात. हे कळायला परदेशात जायचीही गरज नाही. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला उतरलात की टपरीवर ओळखीच्या नावाचा पेपर मिळतो, पण त्यात हिंजवडीची कोंडी असते, होटगी रोडची नाही. (ज्या हुतात्म्यांच्या नावाने ती गाडी धावते, त्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. गाडीत बसल्यावर हे कितीजणांना आठवतं?) तेव्हा ई-पेपर उघडताना सोलापूर आवृत्ती निवडा आणि जिल्ह्याच्या पानाला खूण करून ठेवा. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर, मंगळवेढ्याचे असाल तर तालुक्याचं पान कुठल्या वारी येतं तेही बघून ठेवा.

तिसरं, ही जुळवाजुळव निघायच्या आधी करा. कित्येक ठिकाणी नोंदणीला भारतातला मोबाईल नंबर लागतो, ओटीपी त्यावरच येतो. तिकडे गेल्यावर सिम बंद पडलं की संपलं. ई-मेलवरून नोंदणी होत असेल तर ती करा, आणि वर्गणी घरच्या यूपीआयवरून वर्षाची भरून टाका.

वर्गणी म्हटलं की तुमचा चेहरा मला दिसतो. “ग्रुपवर पीडीएफ येते की फुकट.” येते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी पेपर टाकण्यावर निर्बंध आले आणि ही सवय फोफावली. त्याच वर्षी मे महिन्यात ‘दैनिक जागरण’च्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला असे चॅनल बंद करायला आणि ते चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. म्हणजे ते कायद्यात बसत नाही, हा एक भाग. पण मला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तालुक्याचा बातमीदार अनेकदा तुटपुंज्या मानधनावर काम करतो. गावातल्या जाहिराती आणायचं कामही त्याच्याच गळ्यात असतं. ज्या पुढाऱ्याची जाहिरात आणायची, त्याच्याच रस्त्याच्या कामाची बातमी त्याने कशी द्यायची? वाचकाचा पैसा कमी झाला की जाहिरातीचं वजन वाढतं, आणि मग तेच अभीष्टचिंतन अर्ध्याचं पूर्ण पान होतं. गावात पगार करून पेपर घेणारी माणसं शहर सोडून चाललीत, त्यात तुम्हीही निघालात. तिकडे एका कॉफीला जेवढे पैसे देता, त्यात इकडचे पुष्कळ दिवस निघतात.

वेळेचा हिशेबही डोक्यात ठेवा, तो मजेशीर आहे. सकाळी सहाला इकडे पेपर उघडता येतो तेव्हा जर्मनीत हिवाळ्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो, म्हणजे तिकडे सकाळच्या ट्रामसाठी पेपर ताजा. न्यू जर्सीत मात्र आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसात. तिथे तुम्ही उद्याचा पेपर आजच वाचता! सिद्धेश्वर यात्रेत भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानावर नंदीध्वजांचा फोटो येतो, आणि न्यू जर्सीत तेव्हा अजून भोगीच असते. पांढरी बाराबंदी घातलेल्या त्या गर्दीच्या फोटोत ओळखीचं तोंड शोधत बसायला आख्खी संध्याकाळ हातात. सिडनीला उन्हाळ्यात साडेअकरा वाजतात, लेक्चर चालू असतं, शेवटच्या बाकावर बसा.

शेवटचं, घरचा छापील पेपर बंद करू नका. “मी तिकडून लॉगिन देतो, त्यावरच वाचा,” असा शहाणपणा बाबांना शिकवू नका. पेपरवाल्याचं महिन्याचं बिल चालू राहू दे, कारण तुमचा खरा बातमीदार तोच पेपर हातात घेऊन बसलेला असतो. एखाद्या सकाळी तुम्हाला फोटो येतो. कॉलेजच्या गॅदरिंगची बातमी, किंवा तुमच्या जुन्या मित्राचा एमपीएससीत नंबर लागल्याची. फोटो तिरका, अर्धा रकाना कापलेला, वर बाबांच्या अंगठ्याची सावली, आणि खाली एकच शब्द, ‘वाचा’. उरलेला अर्धा रकाना वाचायला तुम्ही ई-पेपर उघडता. पान पाच, डावीकडे खाली.